संचाच्या माथ्यावरून कपाटात

सेट टॉप बॉक्स कुठे ठेवायचा हे त्याच्या नावातच सांगितलेलं आहे. सेट म्हणजे टीव्हीचा संच आणि टॉप म्हणजे त्याचा माथा. हे नाव पडलं तेव्हा टीव्हीला खरोखरच माथा होता. काचेची जड पिक्चर ट्यूब पोटात घेतलेला संच हातभर खोल असे. त्याच्या सपाट डोक्यावर क्रोशाचा रुमाल पसरलेला असे आणि रुमालावर फुलदाणी किंवा गणपतीची मूर्ती. हा नवा खोका घरात आला तेव्हा फुलदाणी बाजूला सरकली आणि तो तिथे बसला. वरून, मागून, दोन्ही बाजूंनी त्याला मोकळी हवा होती. ती जागा कुणी विचार करून निवडलेली नव्हती, तरीही ती चांगली होती.

मुंबईच्या काही भागांत सशुल्क चॅनलांसाठी असा खोका २००६च्या अखेरीस सक्तीचा झाला. पुढे डिसेंबर २०११मध्ये केबल टेलिव्हिजनच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि जुनं अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुढच्या ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्या ३८ शहरांत पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर होती. छतावर डिश लावलेल्या घरांत तर खोका त्याआधीच पोचला होता.

नेमक्या याच वर्षांत टीव्ही चपटा होत गेला आणि भिंतीवर चढला. त्याचा माथा गेला, पण खोक्याचं नाव तेच राहिलं. आता तो ठेवायचा कुठे, असा प्रश्न आला तेव्हा घरोघर एकच उत्तर निघालं: सुताराकडून टीव्ही युनिट करून घ्यायचं, त्यात एक कप्पा काढायचा, वर सनमायका, पुढे शटर. वायरींचं जंजाळ दिसायला नको आणि खोकाही दिसायला नको. दिवाणखाना नीटनेटका दिसावा ही इच्छा रास्तच आहे. मात्र त्या बंद कप्प्यात खोक्याचं काय होतं हे समजलं, तर नीटनेटकेपणा राखूनही त्याला मोकळं ठेवता येतं. हे प्रकरण त्यासाठी आहे.

खोक्यात काय चालतं

डिशचा खोका घेऊ. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडून अतिशय क्षीण लहरी येतात. छतावरची थाळी त्या गोळा करून आपल्या तोंडासमोरच्या एलएनबी नावाच्या भागावर टाकते. एलएनबी त्यांची वारंवारता खाली आणतो आणि जाड काळ्या केबलमधून घरात पाठवतो. एलएनबीला लागणारी वीजही त्याच केबलमधून उलट दिशेने खोक्यातूनच जाते. खोका १३ किंवा १८ व्होल्ट दाब देतो आणि या दोन दाबांवरून कोणत्या ध्रुवणाच्या लहरी घ्यायच्या हे एलएनबीला कळतं. म्हणजे आपण बैठकीत बसलेलो असताना खोका गच्चीवरच्या यंत्राचंही पोट भरत असतो.

घरात आलेल्या लहरींतून हवं ते चॅनल वेगळं काढायचं, त्याचं कुलूप उघडायचं आणि घट्ट आवळून पाठवलेलं चित्र पुन्हा उलगडायचं, ही सगळी कामं खोक्यातली मुख्य चिप करते. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर दर सेकंदाला ५ कोटींहून जास्त ठिपके तयार होतात. वरणाला फोडणी द्यायला आपण उठलो, तरी हे काम थांबत नाही.

या कामाला साध्या खोक्यात साधारण ८ ते १५ वॅट वीज लागते. कार्यक्रम साठवणारा, पोटात हार्डडिस्क असलेला खोका २० ते ३० वॅट घेतो. आकडा लहान दिसतो. पण पंख्याला दिलेल्या विजेतून वारा मिळतो, दिव्याला दिलेल्या विजेतून उजेड मिळतो, तसं खोक्यातून बाहेर काय पडतं? एक बारीकसा विद्युत-संकेत आणि एलएनबीकडे जाणारी दोन-तीन वॅट वीज. बाकी सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. पूर्वी बाळाच्या खोलीत रात्रभर झिरोचा दिवा लावत. त्याच्या काचेला हात लावलेला आठवत असेल, तर पुस्तकाएवढ्या खोक्यातून सतत किती ऊब बाहेर पडत असेल याचा अंदाज येईल.

लाल दिवा म्हणजे झोप नव्हे

रिमोटचं बटण दाबलं की खोक्यावरचा हिरवा दिवा लाल होतो आणि आपण समजतो की खोका बंद झाला. बऱ्याच खोक्यांत त्या क्षणी फक्त टीव्हीकडे जाणारं चित्र थांबतं. आतलं काम चालूच राहतं. तुमचं पॅकेज कोणतं, मुदत कधीपर्यंत, हे सांगणारे संदेश येत राहतात. कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि सॉफ्टवेअरचे बदल उतरवून घेतले जातात. त्यामुळे विजेचा वापर फारसा उतरत नाही.

१० वॅट गुणिले २४ तास म्हणजे रोज ०.२४ युनिट, वर्षाला सुमारे ८८ युनिट. घरात टीव्ही रोज ५ तासच चालत असेल, तर यातली जवळजवळ ७० युनिटं कुणीही काही पाहत नसताना जळतात. खोका भिंतीवरच्या बटणापासून बंद केला तर ती वाचतात आणि खोक्यालाही विसावा मिळतो. पुन्हा सुरू होताना तो दोन-चार मिनिटं घेतो. रेकॉर्डिंग लावलेलं असेल तेव्हा मात्र बटण बंद करून चालत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की बंद कप्प्यातला खोका रात्री गार होत नाही. चोवीस तास, बारा महिने तो त्याच हवेत तापत बसतो.

उष्णतेचे तीन रस्ते

उष्णता तीन वाटांनी बाहेर पडते. पहिली वाट वहनाची: खोका ज्या फळीवर ठेवला आहे तिच्यातून. लाकूड उष्णतेचं वाईट वाहक, म्हणून ही वाट अरुंद. दुसरी प्रारणाची: खोक्याचा पृष्ठभाग अदृश्य अवरक्त किरण फेकतो. पण समोर प्लायवुडची भिंतच असेल तर ती भिंत तापते आणि तेच किरण परत फेकते. तिसरी वाट अभिसरणाची आणि तीच सर्वांत कामाची. खोक्याला लागलेली हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. खोक्याच्या तळाला आणि वरच्या झाकणाला बारीक फटी असतात त्या यासाठीच. तळाशी रबराचे चार पाय असतात, तेही हवेला खालून शिरता यावं म्हणून.

गावाकडच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीवरचं धुराडं हेच काम करत असे. धूर वर जायला धुराडं हवं आणि खालून हवा यायला दाराची फट हवी. दोन्हींपैकी एक बंद झालं की घर धुराने भरायचं. खोक्याचा धूर दिसत नाही, एवढाच फरक आहे. त्या झाकणावरच्या फटींवर आपण विणलेला रुमाल घालतो, वर डिशचं दुसरं खोकं किंवा वायफायचा राऊटर ठेवतो, शेजारी बिलांचा गठ्ठा टेकवतो. धुराड्यावर गोणपाट टाकल्यासारखंच आहे ते.

बंद कप्प्याचा हिशेब

आता थोडा ढोबळ हिशेब करू. साधारण २० सेंटिमीटर लांब, १३ रुंद आणि ३ उंच असा १० वॅटचा खोका मोकळ्या हवेत ठेवला, तर त्याचं कवच खोलीपेक्षा सुमारे १४ अंश जास्त तापतं. आतली चिप आणि तिच्याभोवतीचे भाग त्याहून बरेच गरम असतात. ही झाली उत्तम परिस्थिती.

तोच खोका आता ४५ सेंटिमीटर रुंद, ३५ खोल आणि २० उंच अशा बंद कप्प्यात ठेवा. उष्णतेला १८ मिलिमीटरच्या प्लायवुडमधून झिरपत बाहेर जावं लागतं. एकटा खोका असेल तर कप्प्यातली हवा खोलीपेक्षा ५-६ अंशांनी तापते. पण कप्प्यात तो एकटा क्वचितच असतो. राऊटर आणि दोन-तीन अॅडॉप्टर तिथेच असतात. सगळे मिळून २५ वॅट धरले तर फरक १४ अंशांपर्यंत जातो. हा हिशेब कप्प्याच्या सहाही बाजूंनी हवा आहे असं धरून केला आहे. प्रत्यक्षात पाठ भिंतीला चिकटलेली असते आणि शेजारच्या कप्प्यांत पुस्तकं भरलेली असतात. म्हणजे फरक आणखी वाढतो.

यात आपला उन्हाळा मिळवा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५च्या पुढे जातो, घरात दुपारी ३८-४० अंश असणं नवलाचं नाही. ४० अधिक १४ म्हणजे कप्प्यातली हवाच ५४ अंश. बहुतेक खोक्यांच्या माहितीपत्रकात भोवतालची हवा ४० किंवा ४५ अंशांपर्यंत असावी असं छापलेलं असतं. ते तापमान खोलीचं नव्हे, तर खोक्याला लागून असलेल्या हवेचं असतं, हे आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या घरी हे अनुभवाने कळलं. एका मे महिन्यात रोज दुपारी चित्र अडकायचं, खोका आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दुरुस्तीला आलेल्या मुलाने खोक्यावर तळहात ठेवला आणि आईला विचारलं, "काकू, हे दार नेहमी लावलेलंच असतं का?"

"लावलेलंच असतं रे. उघडं बरं दिसत नाही."

त्याने दार उघडं टाकलं, खोका बाहेर काढून फळीच्या कडेला ठेवला आणि आईने दिलेला चहा घेतला. अर्ध्या तासाने टीव्ही सुरळीत चालू होता. त्याने एकही भाग बदलला नव्हता.

कपॅसिटर नावाचं घड्याळ

चित्र अडकणं हा तात्पुरता त्रास. कायमचं नुकसान हळूहळू होत असतं आणि ते सर्वांत आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं होतं. विजेचा प्रवाह संथ ठेवणारे हे छोटे दंडगोल डबे अॅडॉप्टरमध्ये आणि खोक्याच्या पाटीवर असतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते वर्षानुवर्षं सुकत जातं, कधी आत वायू साठून डब्याचा माथा फुगतो. दुरुस्ती करणारे 'कपॅसिटर फुगलाय' म्हणतात ते हेच.

तापमान वाढलं की रासायनिक क्रिया किती वेगाने वाढतात याचं सूत्र स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९मध्ये मांडलं. त्यावर आधारलेला एक सोपा ठोकताळा कपॅसिटरसाठी वापरतात: तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला, तर चाळीस अंशांचा फरक म्हणजे चार वेळा दुप्पट, एकूण ३२,००० तास. सतत चालणाऱ्या खोक्यासाठी हे साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. तोच कपॅसिटर ७५ अंशांवर राहिला तर १६,००० तास, म्हणजे दोन वर्षंसुद्धा पुरी नाहीत. बंद आणि मोकळ्या कप्प्यातला फरक साधारण एवढाच, दहा-बारा अंशांचा असतो. शटर उघडं की लावलेलं, यावर यंत्राचं अर्धं आयुष्य अवलंबून असतं.

हार्डडिस्क असलेल्या खोक्याची आणखी काळजी घ्यावी लागते. साध्या हार्डडिस्कची चालण्याची मर्यादा साधारण ६० अंशांची असते आणि ती बिघडली तर साठवलेलं सगळं जातं.

जागा ठरवताना

पहिला नियम अंतराचा: खोक्याच्या वर वीतभर, दोन्ही बाजूंना आणि मागे चार बोटं मोकळी जागा. खाली कडक, सपाट फळी. खाली रुमाल, गालिचा किंवा पुठ्ठा घातला तर रबराचे पाय त्यात रुततात आणि तळाच्या फटी बंद होतात. एकावर एक यंत्रं रचू नयेत. राऊटरला वेगळा खण द्यावा.

टीव्हीच्या मागे दुतर्फा टेपने खोका चिकटवण्याची पद्धत हल्ली दिसते. तिथे टीव्हीची स्वतःची उष्णता वर चढत असते आणि खोका तिच्या वाटेत येतो. चिकटवायचाच असेल तर टीव्हीच्या खालच्या कडेपाशी, जिथे हवा अजून गार असते तिथे. त्याहून चांगलं म्हणजे टीव्हीच्या खाली भिंतीवर लहानसं उघडं स्टँड.

कप्पाच हवा असेल तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पाठीची फळी काढून टाकणं आणि युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं. ते जमत नसेल तर भोकं पाडायची, पण किती? १० वॅटची सगळी उष्णता नुसत्या हवेने न्यायची आणि फरक ५ अंशांपुरता ठेवायचा तर दर सेकंदाला जवळजवळ पावणेदोन लिटर हवा कप्प्यातून वाहायला हवी. वीतभर उंचीच्या कप्प्यात तेवढी हवा आपल्या बळावर फिरायची, तर खाली एक आणि वर एक अशी दोन तोंडं हवीत आणि प्रत्येक साधारण १५० चौरस सेंटिमीटरचं. टपालाचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर असतं. त्याहून थोडं मोठं तोंड खाली आणि तेवढंच वर. सुतार एरवी ड्रिलने पाडतो ती एक इंची चार भोकं मिळून फक्त २० चौरस सेंटिमीटर भरतात, पोस्टकार्डाचा सहावा हिस्सा. त्यांतून वायर नीट जाते, पण हवा पुरेशी फिरत नाही. दोन्ही तोंडं एकाच पातळीवर काढली तरीही उपयोग होत नाही, कारण वरखाली अंतर असल्याशिवाय हवेला ओढ मिळत नाही.

शटर हवंच असेल तर ते वेताच्या जाळीचं करावं, किंवा पट्ट्यांमध्ये फटी सोडलेलं. जाळीमुळे रिमोटचाही प्रश्न सुटतो. रिमोट अवरक्त प्रकाशाने बोलतो आणि तो प्रकाश प्लायवुडमधून जात नाही. काच आणि जाळी यांतून जातो. (रिमोट चालतो की नाही हे पाहायचं असेल तर त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये डोळ्यांना न दिसणारी ती लुकलुक पडद्यावर दिसते.) काचेचं शटर रिमोटला चालतं, पण हवेला चालत नाही. काच लावली तर वरखाली तोंडं काढावीच लागतात.

विदर्भात खिडकीला कूलर असतो. त्याच्या सरळ झोतात खोका ठेवू नये, ओलसर हवा आणि तुषार आत शिरतात. कोकणात खारट, दमट हवेने जोडण्यांवर गंज चढतो. घर महिनोन्महिने बंद ठेवायचं असेल तर खोका काढून कोरड्या डब्यात ठेवावा. झुरळं, मुंग्या आणि पाली सगळीकडेच आहेत आणि त्यांना ऊब आवडते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर खोका नको. दिवाळीच्या साफसफाईत प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने फटींतली धूळ झाडावी. ओलं फडकं लावू नये.

केबलचंही थोडं. डिशची केबल काटकोनात मोडू नये, मोठ्या गोलाईत वळवावी. ती भिंतीतून आत येते त्या भोकाच्या आधी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जातं, घरात येत नाही. मागे एवढी वायर सैल ठेवावी की खोका पुढे ओढून मागची धूळ पुसता येईल. वळवाचे ढग जमायला लागले की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत. विजा कडाडू लागल्यावर मात्र त्यांना हात लावू नये.

दोष उष्णतेचा की सिग्नलचा

चित्राचे चौकोन पडायला लागले की आपण केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला फोन करतो. त्याआधी वेळ पाहावी. मुसळधार पावसात चौकोन पडले आणि पाऊस ओसरताच गेले, तर तो आकाशातल्या थेंबांचा परिणाम. डिशच्या लहरींची वारंवारता १० गिगाहर्ट्झच्या वर असते आणि पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. खोक्याचा त्यात दोष नाही. सकाळी सगळं ठीक आणि तीन-चार तास चालल्यावर किंवा भर दुपारी चित्र अडकायला लागलं, तर संशय उष्णतेवर घ्यावा. शटर उघडून, टेबलफॅन लावून पाहावा. त्याने फरक पडला तर उत्तर मिळालं.

खात्री करायची असेल तर भिंतीवर टांगायचं साधं तापमापक पुरतं. ते बंद कप्प्यात, खोक्याला न टेकवता दोन तास ठेवा. मग काढून खोलीतलं तापमान पाहा. फरक ५ अंशांपेक्षा जास्त असेल तर कप्पा उघडा करायची वेळ आली आहे.

नवं घर सजवताना हे सगळं जास्त सोपं जातं, कारण प्लायवुड अजून कापायचं असतं. सुतार कप्प्याचं माप घ्यायला येईल त्या दिवशी घरातलं जुनं पोस्टकार्ड शोधून ठेवा. पाठीच्या फळीवर ते एकदा तळाशी ठेवा, एकदा माथ्याशी, आणि दोन्हीकडे कडेपासून बोटभर जास्त धरून पेन्सिलीने आखून द्या. सुताराने करवत चालवायच्या आधी तेवढ्या दोन चौकटी तिथे आखलेल्या असल्या, की टीव्हीचा माथा गेल्यापासून खोक्याची हरवलेली मोकळी हवा त्याला परत मिळेल.